बडोद्याची मान आधी उजवीकडे वळते

रावपुऱ्यात रस्ता ओलांडणाऱ्या माणसाकडे नीट पाहा. फुटपाथवरून पाय खाली टाकण्याआधी त्याची मान उजवीकडे वळते. तो विचार करत नाही, मान आपोआप वळते. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे पाय टाकला की पहिली गाडी उजवीकडून येणार, हे त्या मानेला लहानपणापासून ठाऊक असते. (रावपुऱ्यात डावीकडूनही एखादी ॲक्टिव्हा उलटी येतेच, पण तो वेगळा विषय.) हीच मान विमानात बसून न्यू जर्सीला, दुबईला किंवा पॅरिसला जाते आणि तिथेही आधी उजवीकडेच वळते. तिथे गाडी मात्र डावीकडून येते.

परदेशातल्या रस्त्यांवर कोणी लिहायला बसले की पहिले वाक्य लायसन्सचे असते. बडोद्याहून जाणाऱ्यांत गाडी चालवणारे थोडे असतात. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहायला जाणारे आई-बाबा, दिवाळीच्या सुट्टीत दुबई-थायलंड-व्हिएतनामला जाणारी कुटुंबे, युरोपच्या बसटूरवरचे काका-काकू, हे सगळे तिथे पायी असतात नाहीतर मागच्या सीटवर. म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, सिंगापूर, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, श्रीलंका, नेपाळ, भूतान, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका, केनिया इथे आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक चालते. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन-आयर्लंड-माल्टा-सायप्रस सोडून बाकीचा युरोप, संयुक्त अरब अमिराती, तुर्कस्तान, जॉर्जिया, अझरबैजान, व्हिएतनाम इथे उजव्या बाजूने. लंडनमध्ये फुटपाथच्या कडेला रस्त्यावरच ‘लुक राइट’ असे मोठ्या अक्षरांत रंगवलेले असते. ते युरोपातून आणि अमेरिकेतून आलेल्यांसाठी आहे, आपल्याला तिथे फार शिकावे लागत नाही. न्यू जर्सीत आपल्यासाठी असे कोणी काही रंगवून ठेवलेले नाही.

उपाय साधा आहे, पण तो तोंडाने करावा लागतो. फुटपाथच्या कडेला थांबायचे आणि ‘डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे’ असे म्हणत मान फिरवायची. पहिले आठ-दहा दिवस खरोखर मोठ्याने म्हणा, नातवंडे हसली तर हसू द्या. मनातल्या मनात म्हटलेले मानेपर्यंत पोचत नाही. दुभाजक असलेल्या मोठ्या रस्त्यावर दुभाजकापर्यंत डावीकडचे पाहायचे, तिथे थांबायचे आणि पुढच्या अर्ध्या रस्त्यासाठी उजवीकडे पाहायचे. घोळ बहुतेक वेळा इथेच होतो, कारण पहिला अर्धा भाग नीट पार पडला की माणूस सैल पडतो.

दुसरी सवय हाताची. बडोद्यात आपण हात वर करून वाहत्या रहदारीत शिरतो आणि दुचाक्या आपल्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून जातात. वेग पंचवीस-तीसचा असतो, म्हणून हे निभावते. अमेरिकेतल्या उपनगरात चार-सहा पदरी रस्त्यावर गाड्या ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरने येतात आणि चालकाच्या डोक्यात ‘मधेच माणूस असेल’ ही शक्यताच नसते. कोपऱ्यावरच्या सिग्नललाच ओलांडायचे, भले त्यासाठी दोनशे मीटर जास्त चालावे लागो. खांबावरचे बटण दाबायचे. अनेक ठिकाणी बटण दाबले नाही तर चालणाऱ्याचा दिवा त्या फेरीत लागतच नाही आणि माणूस उगाच वाट पाहत बसतो.

त्या दिव्याचेही एक शास्त्र आहे. पांढरा चालणारा माणूस दिसला तर निघायचे. नारिंगी हात लुकलुकत असेल आणि शेजारी आकडे उलटे मोजत असतील तर जे आधीच रस्त्यात आहेत त्यांनी पूर्ण करायचे, नव्याने पाय टाकायचा नाही. अमेरिकेत हा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साडेतीन फूट, म्हणजे साधारण एक मीटर चालतो असे धरतात. सहा पदरी रस्ता बावीस मीटरच्या आसपास, म्हणजे वीस-एकवीस सेकंद. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या आजींना तेवढ्यात पोचणे जड जाते. अशांनी पांढरा माणूस आधीपासून लागलेला असेल तर तो सोडून द्यावा आणि पुढच्या फेरीत तो लागताक्षणी निघावे.

आणि पांढरा माणूस दिसला म्हणजे रस्ता आपला झाला, असे नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लाल दिव्यावरही पूर्ण थांबून उजवीकडे वळता येते. न्यूयॉर्क शहरात मात्र पाटीवर परवानगी लिहिलेली नसेल तर मनाई. असा वळणारा चालक डावीकडून येणाऱ्या गाड्यांमध्ये फट शोधत असतो. त्याची मान डावीकडे आणि आजोबा उतरतात त्याच्या उजवीकडून. तो फट मिळताच पाय देतो. म्हणून कोपऱ्यावर उभ्या गाडीच्या बंपरसमोरून जाण्याआधी चालकाचे डोळे आपल्याकडे आहेत का, ते पाहायचे. काचेवर चकाकी असेल, चेहरा दिसत नसेल तर थांबायचे. हिरव्यावर डावीकडे वळणाऱ्या गाड्यांचेही तेच. समोरच्या गाड्या चुकवण्याच्या नादात त्या झेब्रा क्रॉसिंगकडे उशिरा पाहतात.

संध्याकाळी जेवणानंतर फेरी मारायला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर फुटपाथ आहेत, पण आतल्या वसाहतींत अनेक रस्त्यांना नसतात. तिथे रस्त्याच्या डाव्या कडेने चालायचे, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते. आपल्या सवयीने उजव्या कडेने चाललात तर गाडी पाठीमागून येईल. दुसरे म्हणजे डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि आपली मंडळी घेतात काळे नाहीतर गडद निळे जाकीट. दिव्यांच्या उजेडात काळ्या जाकिटातला माणूस फार उशिरा दिसतो. सायकलच्या दुकानात चमकणारे पट्टे मिळतात. एक घोट्यावर आणि एक मनगटावर बांधायचा. हलणारा पट्टा छातीवरच्या पट्ट्यापेक्षा लवकर नजरेत भरतो.

युरोपात शहरांमध्ये गाडीपेक्षा सायकल आणि ट्राम यांचा धोका मोठा. ॲमस्टरडॅममध्ये लालसर डांबराचा पट्टा सायकलींचा असतो आणि फुटपाथला लागूनच असतो. फोटो काढताना मागे सरकत सरकत आपण नेमके त्यावर जातो. तिथली इलेक्ट्रिक सायकल आवाज न करता पंचविसाच्या वेगाने येते. ट्रामला बाजूला वळता येत नाही आणि ती पटकन थांबतही नाही. स्वित्झर्लंडमध्ये झेब्रा क्रॉसिंगवर गाड्या चालणाऱ्यासाठी थांबतात, ट्रामला मात्र तिथेही अग्रक्रम आहे. झ्युरिकला सोडणारा टूरवाला हे सांगत नाही.

टॅक्सीतून उतरणे ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट. आपण सवयीने डावा दरवाजा उघडतो. उजव्या बाजूने चालणाऱ्या देशांत डावा दरवाजा रहदारीत उघडतो आणि फुटपाथ उजवीकडे असतो. मुलांना मागे उजव्या बाजूला बसवा. दरवाजा उघडताना त्याच्या बाजूचा नव्हे, पलीकडचा हात वापरायची सवय लावा. उजव्या दरवाजाला डावा हात लावला की खांदा आपोआप फिरतो आणि मागून येणारी सायकल दिसते. बसचा थांबाही ‘उलट्या’ बाजूला असतो. सकाळी गेलात त्याच बाजूला संध्याकाळी उभे राहू नका, आणि समोरच्या थांब्यावर बस दिसली म्हणून धावत रस्ता ओलांडू नका.

मागच्या सीटवरचा बेल्ट. याबाबत बडोदेकर अजून ‘मागे कशाला’ म्हणतात, म्हणून थोडे लांबवतो. सप्टेंबर २०२२ मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू पालघरजवळ झाला, आपण मुंबईला जाताना वापरतो त्याच हायवेवर. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या, पण मागे बसलेल्यांनी बेल्ट लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले होते. गाडी थांबते, आतला माणूस थांबत नाही. तो गाडीच्याच वेगाने पुढच्या सीटवर आदळतो आणि बेल्ट लावलेल्या पुढच्या माणसालाही चिरडू शकतो. युरोपात आणि अमिरातीत मागेही बेल्ट सक्तीचा आहे. बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नव्हे, कंबरेच्या हाडांवर बसला पाहिजे. साडीच्या निऱ्यांवरून आणि शालीवरून लावला की तो वर सरकतो. शाल काढून मांडीवर घ्या.

मुलांच्या सीटचे नियम देशागणिक वेगळे. ब्रिटनमध्ये बारा वर्षे किंवा १३५ सेंटीमीटर उंची, यातले जे आधी येईल तोवर, जर्मनीत बारा वर्षे किंवा १५० सेंटीमीटर. दोन वर्षांखालच्या बाळाला मागे तोंड करून बसवणेच योग्य, कारण त्याचे डोके जड आणि मान नाजूक असते. अचानक थांबताना धक्का पाठीवर विभागला जातो. थंडीत बाळाला फुगीर जाकिटासह पट्ट्यात अडकवणे ही आजी-आजोबांची आवडती चूक. जाकीट आदळताच दबते आणि पट्टा सैल पडतो. जाकीट काढा, पट्टे आवळा, मग वरून ब्लँकेट घाला. सहा मोठी माणसे आणि दोन मुले एका सेडानमध्ये, हा आपला हिशेब तिथे चालत नाही. सात सीटांची गाडी आणि मुलांच्या सीट बुकिंग करतानाच मागून घ्याव्यात.

आता गाडी चालवणाऱ्यांकडे वळतो. कागदपत्रे थोडक्यात. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट परिवहनच्या सारथी पोर्टलवरून फॉर्म ४ए भरून मागता येते, फी एक हजार रुपये, आणि ते आपल्या आर.टी.ओ.कडूनच मिळते. मुदत एक वर्ष किंवा मूळ लायसन्सची मुदत, यातले जे आधी संपेल ते. वेबसाइटवर कोणी पाच-दहा वर्षांचे ‘इंटरनॅशनल लायसन्स’ घरपोच देत असेल तर ते घेऊ नका. आपले परमिट १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचे असते आणि त्या करारात मुदतच एक वर्षाची आहे. हे परमिट म्हणजे लायसन्सचे भाषांतर. मूळ कार्ड खिशात नसेल तर त्याला काही अर्थ नाही. दुचाकी आणि मोटार यांचे वर्ग परमिटावर वेगवेगळे असतात, ते हातात पडताच तपासा.

परमिट मिळाले की सगळीकडे चालते, असेही नाही. जपान १९४९ चेच मानतो, म्हणून आपले तिथे चालते. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराचेच मानतो आणि भारत त्या करारात नाही. म्हणजे हनोईत स्कूटर भाड्याने देणारा हसत हसत चावी देतो, पण कायद्याच्या नजरेत तुम्ही विनालायसन्स असता. त्याकडे पुढे येऊच.

पहिल्या तासाबद्दल. उतरलेल्या दिवशी गाडी घेऊ नका. न्यूयॉर्क आणि बडोदा यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक. शरीराच्या घड्याळात मध्यरात्र आणि समोर हायवे. ताशी शंभरच्या वेगाने गाडी सेकंदाला अठ्ठावीस मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे चौऱ्याऐंशी मीटर, डोळे मिटलेले. टॅक्सीने घरी जा, झोपा, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या.

गाडी ताब्यात घेतल्यावर पार्किंगमध्येच पंधरा मिनिटे बसा. आरसे, सीट, दिवे, वायपर, हॅझर्ड, मागची काच साफ करण्याचे बटण, सगळे हाताने शोधा. आपल्याकडच्या बहुतेक मारुती-ह्युंदाईंमध्ये इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला असते, उजव्या बाजूने चालणाऱ्या देशांत डाव्या. पहिल्या दोन दिवसांत वळण आले की वायपर सुरू होणार, हे गृहीत धरा. हसू येते, पण इंडिकेटर लागलेला नसतो ही त्यातली गंभीर बाब. तिथे गिअर उजव्या हाताला येतो. शक्य असेल तर ऑटोमॅटिकच घ्या, एक गोंधळ कमी. डावा पाय आखडून ठेवा. क्लच समजून तो ब्रेकवर पडला तर गाडी जागच्या जागी थांबते आणि मागचा येऊन आदळतो.

आणखी एक चूक डोळ्यांची. आयुष्यभर उजवीकडे बसून चालवलेल्या माणसाला डावीकडे बसल्यावर गाडीची उजवी बाजू किती बाहेर आहे याचा अंदाज येत नाही. गाडी उजवीकडे, कडेच्या रेषेकडे सरकत राहते, उजवा आरसा उभ्या गाड्यांना घासतो आणि चाक फुटपाथला लागते. आरशात मागची उजवी रेषा मधून मधून पाहायची आणि आपण स्वतः लेनच्या मध्यापेक्षा थोडे डावीकडे बसलो आहोत असे वाटेल एवढी गाडी डावीकडे ठेवायची.

सगळ्यात उपयोगी खूण अशी: चालक नेहमी रस्त्याच्या मध्यरेषेकडे असतो. बडोद्यात उजवीकडे बसता तेव्हा मध्यरेषा उजवीकडे, तिथे डावीकडे बसता तेव्हा मध्यरेषा डावीकडे. वळताना खांद्याशेजारी मध्यरेषा नसेल तर तुम्ही चुकीच्या बाजूला आहात. तिथे उजवे वळण छोटे आणि डावे वळण मोठे, म्हणजे आपल्या उलट.

चुकीच्या बाजूला जाण्याच्या वेळाही ठरलेल्या आहेत. रहदारीत माणूस चुकत नाही, कारण पुढच्यामागे जातो. चूक होते रिकाम्या रस्त्यावर, पहाटे, पेट्रोल पंपातून किंवा हॉटेलच्या गेटातून बाहेर पडताना, फोटोसाठी थांबून पुन्हा निघताना, आणि पहिल्या दिवशी नव्हे तर तिसऱ्या-चौथ्या, जेव्हा ‘आता जमले’ असे वाटायला लागते. शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक गेटातून निघताना ‘उजवी बाजू’ म्हणायचे. हे काम बायकोने केले तर नवऱ्याने चिडायचे नाही, हे आधीच ठरवून घ्या. समोरून गाडी येताना अचानक संशय आला तर जुन्या सवयीने हात डावीकडे स्टिअरिंग ओढतो. तिथे ते समोरच्याच्या अंगावर जाणे आहे. वेग कमी करायचा आणि उजवीकडेच राहायचे.

सर्कल. गेंडा सर्कलला आपण जे करतो ते विसरा. परदेशात सर्कलच्या आत असलेल्याला पहिला हक्क, आत शिरणाऱ्याने थांबायचे. उजव्या बाजूच्या देशांत सर्कल घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते, म्हणून शिरताना डावीकडे पाहायचे. ब्रिटनमध्ये ते आपल्यासारखेच फिरते आणि उजवीकडे पाहायचे. बाहेर पडायची फट चुकली तर आणखी एक फेरी मारा, कोणी हसत नाही.

युरोपात न कळलेला नियम म्हणजे उजवीकडचा हक्क. फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम इथे चौकात कोणतीही पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, मग ती गल्ली केवढीही अरुंद असो. पांढऱ्या चौकटीतला पिवळा तिरका चौकोन दिसत असेल तर तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात. तो काळ्या रेषांनी खोडलेला दिसला की हक्क संपला.

अमेरिकेतली लाल अष्टकोनी पाटी म्हणजे चाके पूर्ण थांबवणे. हळू करून जाणे नव्हे. चारही बाजूंना अशा पाट्या असतील तर जो आधी थांबला तो आधी जातो, दोघे एकदम थांबले तर उजवीकडचा आधी. पिवळ्या स्कूलबसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर मागचेच नव्हे, समोरून येणारेही थांबतात. मधे दुभाजक असेल तर समोरच्यांना बहुतेक राज्यांत सूट आहे, न्यूयॉर्क राज्यात तीही नाही. पोलिसाने दिवे लावून मागे गाडी लावली तर उजव्या कडेला थांबा, गाडीतच बसा, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा. आपल्याकडच्यासारखे खाली उतरून ‘साहेब’ म्हणत जायचे नाही. तिथे ते धमकी समजले जाऊ शकते. कागद काढण्याआधी ते कुठे आहेत ते सांगा आणि मग हात हलवा.

डिपरची भाषा उलटी आहे. आपल्याकडे डिपर मारला म्हणजे ‘मी येतोय, थांब’. ब्रिटनमध्ये समोरचा डिपर मारतो तो बऱ्याचदा ‘तू आधी जा’ म्हणून. दोघांनी आपापला अर्थ लावला की दोघेही एकदम पुढे येतात. डिपर पाहून निर्णय घेऊ नका, गाडी खरोखर थांबली का, ते पाहा. हॉर्न तर ठेवणीतलाच. बडोद्यात हॉर्न म्हणजे ‘मी आहे’, तिथे तो ‘तू मूर्ख आहेस’ असा ऐकू येतो.

हायवेवर अहमदाबाद-बडोदा एक्स्प्रेसवेची सवय सर्वांत महागात पडते, ती म्हणजे उजव्या लेनमध्ये निवांत राहणे आणि जिकडून जागा मिळेल तिकडून पुढे काढणे. जर्मनीच्या ऑटोबानवर उजवीकडून ओव्हरटेक करणे गुन्हा आहे. उजवीकडे राहायचे, डावीकडून पुढे काढायचे, पुन्हा उजवीकडे यायचे. डावीकडे येण्याआधी आरशात दूरवर दिसणारा ठिपका दोनशेच्या वेगाने येत असू शकतो. रहदारी रेंगाळू लागताच तिथे आणि ऑस्ट्रियात अँब्युलन्ससाठी वाट काढतात: सर्वांत डावी लेन डावीकडे सरकते, बाकी सगळ्या उजवीकडे. सायरन ऐकू आल्यावर नव्हे, गाड्या थांबू लागताच.

अंतर राखण्याचे गणित सेकंदांत करा. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ मोजा. त्याआधी तुम्ही खांबाजवळ पोचलात तर फार जवळ आहात. पावसात हे दुप्पट. ब्रिटनच्या हायवे कोडप्रमाणे ताशी ७० मैल, म्हणजे ११२ किलोमीटर वेगाला कोरड्या रस्त्यावर थांबायला ९६ मीटर लागतात. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पाट्या मैलांत असतात, हे मोबाइल मॅपवर आणि डोक्यात दोन्हीकडे बदलून घ्या. ५५ ची पाटी म्हणजे ८८ किलोमीटर. कॅनडात मात्र किलोमीटरच, सीमा ओलांडताच आकड्यांचा अर्थ बदलतो. बर्फाच्या दिवसांत पुलांवरचा रस्ता आधी गोठतो, कारण त्याला खालूनही वारा लागतो. ओल्या आणि गोठलेल्या रस्त्यावर क्रूझ कंट्रोल बंद ठेवा.

दारूबद्दल गुजरातेत लिहिणे अवघड, पण तिथे गेल्यावर आपल्याकडचे बंधन सुटते, म्हणून लिहितो. भारतात मर्यादा १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम. इंग्लंडमध्ये ८०, युरोपात बऱ्याच देशांत ५०, चेक प्रजासत्ताक आणि हंगेरीत शून्य. जपानमध्ये प्यायलेल्या चालकाशेजारी जाणूनबुजून बसणाराही दोषी. चालवायचे असेल तर घेऊ नये, हाच हिशेब सोपा.

भाड्याच्या गाडीचा विमा वाचल्याशिवाय सही करू नका. कोलिजन डॅमेज वेव्हर म्हणजे त्यांच्या गाडीचे नुकसान. समोरच्या माणसाला इजा झाली तर त्याचा खर्च वेगळ्या थर्ड पार्टी विम्यात येतो आणि अमेरिकेत तो मूळ भाड्यात पुरेसा असतोच असे नाही. दुसऱ्याने चालवायचे असेल तर त्याचे नाव करारात हवे. पेट्रोल भरताना नोझलच्या रंगावर जाऊ नका: युरोपात हिरवा पेट्रोलचा, अमेरिकेत बऱ्याच पंपांवर हिरवा डिझेलचा. (न्यू जर्सीत हा प्रश्नच नाही, तिथे स्वतः भरायला बंदी आहे.) इटलीच्या जुन्या शहरांत ‘झेड-टी-एल’ (मर्यादित वाहतुकीचा भाग) लिहिलेल्या लाल वर्तुळाच्या पाटीच्या आत शिरलात तर कॅमेरा फोटो काढतो आणि दंड कित्येक महिन्यांनी अलकापुरीतल्या पत्त्यावर येतो, वर भाडे कंपनीचा वेगळा चार्ज.

स्कूटर. याबाबत आमचे मत एकांगी आहे आणि ते तसेच असू द्या: पर्यटक म्हणून थायलंड, बाली, व्हिएतनाममध्ये स्कूटर घेऊ नका. ‘आम्ही बडोद्यात रोज चालवतो’ हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालात थायलंडचा आकडा लाख लोकांमागे सुमारे २५ मृत्यूंचा आहे, भारताच्या बराच वर, आणि त्यांतले बहुतेक दुचाकीवरचे. थायलंड आणि बालीत वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने, म्हणून माणूस गाफील राहतो. रस्ते चांगले, म्हणून वेग वाढतो. मग वळणावर वाळू, डोंगरातला तीव्र उतार, पावसाने बुळबुळीत झालेले डांबर आणि पुढचा डिस्कब्रेक जोरात दाबणारी बोटे. चप्पल, हाफपँट, उधारीचे सैल हेल्मेट. तिथल्या दवाखान्याचे बिल प्रवास विम्याकडे गेले की पहिला प्रश्न येतो: या वाहनासाठी वैध लायसन्स होते का? परमिटावर दुचाकीचा वर्ग नसेल तर नाही. व्हिएतनाममध्ये तर आपले परमिटच ग्राह्य नाही. उत्तर ‘नाही’ असेल तर विमा कंपनी दावा नाकारते आणि मग घरचे लोक इथून पैसे गोळा करत फिरतात.

तरी घेणारच असाल तर परमिटावर दुचाकीचा वर्ग असू द्या, घरचे आय.एस.आय. हेल्मेट सामानात न्या, पट्टा लावून डोके जोरात हलवल्यावर ते जागचे हलता कामा नये. बूट आणि लांब पँट. गाडी घेताना दोन्ही ब्रेक, दोन्ही टायर, दिवे आणि जुने ओरखडे यांचा व्हिडिओ मालकासमोर काढा. तारण म्हणून पासपोर्ट देऊ नका, रोख ठेव द्या. उतरताना उजव्या बाजूच्या सायलेन्सरला पोटरी लागू देऊ नका, तो भाजलेला डाग वर्षभर राहतो. रात्री नको, पावसात नको, एप्रिलच्या मध्यावर सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या दिवसांत अजिबात नको. तेव्हा रस्त्यावर पाणीही उडते आणि दारूही वाहते.

अपघात झालाच तर: गाडी थांबवा, हॅझर्ड लावा, बाहेर पडून कठड्याच्या पलीकडे उभे राहा. हायवेवर गाडीच्या मागे उभे राहून फोन करणारा दुसऱ्या अपघातात सापडतो. फ्रान्समध्ये चमकणारे जाकीट डिकीत नव्हे, सीटजवळ ठेवायचे असते. बाहेर पडण्याआधी ते घालायचे. जखमी माणसाला ओढून काढू नका, आग किंवा पाणी यांचा धोका असेल तरच. घटनास्थळ सोडू नका, आपसात मिटवू नका. युरोपात दोन्ही चालकांनी भरायचा अपघाताचा ठराविक फॉर्म गाडीच्या कप्प्यात असतो. तो न समजणाऱ्या भाषेत असेल तर सही न करता पोलिसांची वाट पाहा.

नंबर: युरोपात ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९ किंवा ११२, ऑस्ट्रेलियात तीन शून्य, न्यूझीलंडमध्ये १११, जपानमध्ये पोलिस ११० आणि अँब्युलन्स ११९, अमिरातीत पोलिस ९९९ आणि अँब्युलन्स ९९८, थायलंडमध्ये टुरिस्ट पोलिस ११५५ आणि अँब्युलन्स १६६९. फोनवर पहिला प्रश्न ‘कुठे आहात’ हाच असतो. अमेरिकेतल्या मोठ्या हायवेवर कडेला लहान हिरव्या पाट्यांवर मैलांचे आकडे असतात. हायवेचा नंबर, दिशा आणि तो आकडा सांगितला की पुरते. एरवी मागे गेलेल्या एक्झिटचा नंबर.

आजी-आजोबांच्या पाकिटात मात्र मोबाइलवर विसंबून नसलेला एक कागद हवा, इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत: मुलाचा पत्ता आणि फोन, रक्तगट, विमा पॉलिसीचा नंबर, रोजच्या गोळ्यांची कंपनीची नव्हे तर औषधाची मूळ नावे, कारण आपल्याकडचे ब्रँड तिथल्या डॉक्टरला माहीत नसतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सर्वांत वर, लाल शाईत. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या बाबतीत दवाखाना आधी तेच विचारतो.